उत्तर: कॅप्टनपद, वशिला आणि कॉलिंगवुड

प्रश्नात म्हटलंय की अठराव्या शतकात ब्रिटिश आरमारात हुद्दे पैसे मोजून मिळत. तो प्रकार त्यांच्या पायदळ-घोडदळातला. आरमारात लेफ्टनंट व्हायचं तर सहा वर्षांची समुद्रावरची नोकरी आणि तोंडी परीक्षा. अर्थात वशिला होताच, आणि तो पैशाहून बरा चाले.

आरमारी अधिकारी कथबर्ट कॉलिंगवुडचंच बघा. जन्म १७४८चा, बारा-तेराव्या वर्षी जहाजावर, तरी लेफ्टनंट व्हायला १७७५ उजाडलं. पुढे गाजलेला नौसेनानी नेल्सन त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण मामा आरमाराचा कंट्रोलर, म्हणजे कारभार बघणारा बडा अधिकारी! १७७७त लेफ्टनंट, १७७९त विसाव्या वर्षी पोस्ट-कॅप्टन, म्हणजे पूर्ण हुद्द्याचा कॅप्टन. वेस्ट इंडीजमध्ये नेल्सनला बढती मिळाली की त्याच्या रिकाम्या जागेवर कॉलिंगवुड, असं लागोपाठ घडलं. तरी दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली, हे मला जास्त नवलाचं वाटतं.

पोस्ट-कॅप्टन झालं की पुढची बढती निव्वळ ज्येष्ठतेवर. वरचे मरायची किंवा बढती मिळायची वाट बघायची, बस्स. जहाज मिळालं नाही तर अर्ध्या पगारावर घरी.

१८०५च्या ट्रफाल्गरच्या नौदल लढाईत नेल्सन मारला गेल्यावर ताफ्याची सूत्रं कॉलिंगवुडकडे आली. मग भूमध्य समुद्राची जबाबदारी अशी गळ्यात पडली की १८०३ला सोडलेलं इंग्लंड त्याला पुन्हा दिसलंच नाही. तब्येत ढासळल्यावर परतीची परवानगी मिळाली, आणि मार्च १८१०मध्ये वाटेतच जहाजावर तो वारला.