मदत हवी आहे : सरकीच्या रोपांचा जोम आणि विकराची आनुवंशिकता

नमस्कार. कोल्हापुरात पदव्युत्तर संशोधनासाठी मी देशी कापसाच्या (गॉसिपियम आर्बोरियम) काही वाणांचे आपापसांतील संकर अभ्यासत असून, उगवत्या रोपांचा जोम आणि बीजदलांतील आयसोसिट्रेट लायेझ या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता यांचा आनुवंशिक संबंध मला तपासायचा आहे. सरकीत साठवलेल्या तेलापासून शर्करा तयार होण्यासाठी हे विकर आवश्यक असते, म्हणून त्याची निवड केली.

बियाणे एकाच हंगामातले आहे, आम्लाने तंतू काढलेले आहे आणि उगवण ३० अंश सेल्सिअसला घेतली आहे. फिनॉलिक द्रव्यांमुळे अर्क तपकिरी पडत होता. फिनॉलिक द्रव्ये धरून ठेवणारे पीव्हीपी व ऑक्सिडीकरण रोखणारे मर्कॅप्टोइथेनॉल घालून, सारे काम बर्फावर केल्यावर ते थांबले.

खरी अडचण वेगळीच आहे. नर-मादी उलटवून केलेल्या एफ-१ (पहिल्या पिढीच्या) संकरांत, मादी वाणाची सरकी टपोरी असेल त्या बाजूला रोपे जोमदार दिसतात आणि क्रियाशीलताही अधिक येते. बीजावरण मातृपेशींचे असते आणि सरकीचे वजनही बऱ्याच अंशी मादीच्या पोषणावर ठरते, त्यामुळे हा फरक गर्भाच्या जनुकांचा आहे असे मला म्हणवत नाही. सारख्या वजनाची सरकी निवडल्यावर फरक घटला, पण पुरता गेला नाही. शिवाय क्रियाशीलतेचा उच्चांक प्रत्येक वाणात वेगळ्या वेळी येतो.

आण्विक चिन्हकांची (डीएनएतील ओळखखुणा तपासण्याची) सोय नाही. मात्र दोन्ही दिशांच्या एफ-२ पिढीची (एफ-१ झाडांच्या स्वपरागणातून आलेली) सरकी हाताशी आहे. मातृप्रभाव (मादी झाडाच्या पोषणाचा व जनुकांचा बियांवरील परिणाम) आणि पेशीद्रवी वारसा (केंद्रकाबाहेरील, मादीकडून येणाऱ्या जनुकांचा) वेगळे करण्यासाठी या एफ-२ची तुलना पुरेशी ठरेल, की दोन्ही पालकांशी प्रतिसंकरही (एफ-१चा मूळ पालकाशी पुन्हा संकर) करावे लागतील? आणि ही तुलना ठरावीक तासाला करावी, की ज्या त्या वाणाच्या उच्चांकाला?