अंधाऱ्या क्राइम मालिका फोर-केमध्येच बघाव्यात का?

निशाचर: माझं उत्तर ठाम हो. धुकं, पाऊस, ओसाड रस्ते, एका दिव्याखाली चाललेली चौकशी... अशा मालिकांत निम्मी गोष्ट सावल्यांतच असते. एचडीच्या १९२० × १०८० च्या जागी फोर-केचे ३८४० × २१६० म्हणजे चौपट पिक्सेल, चित्राचे बारीक ठिपके. मोठ्या पडद्यावर संशयिताने गिळलेला आवंढासुद्धा सुटत नाही. दिग्दर्शकाने तो दाखवायला ठेवलाय, मग आपण का गमवायचा?

जुनी रीळ: अजिबात पटलं नाही. पिक्सेल चौपट झाले म्हणून वातावरण गडद होत नाही. 'ट्रू डिटेक्टिव्ह' या अमेरिकी क्राइम मालिकेचा पहिला सीझन (२०१४) ३५ मिमी फिल्मवर शूट झालाय. लुइझियानातली ती दमट, कोंदट हवा अंगावर येते त्यात फिल्मच्या ग्रेनचा, म्हणजे चित्रातल्या बारीक दाण्यांचा, मोठा वाटा आहे. त्यात नव्या टीव्हीत मोशन स्मूदिंग बहुधा आधीच चालू असतं. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रात टीव्ही स्वतःच्या फ्रेम घुसडतो आणि खुनाचा तपास डेली सोपसारखा दिसायला लागतो.

निशाचर: मग ते बंद करा! टीव्हीत फिल्ममेकर मोड (असली ढवळाढवळ बंद ठेवणारं सेटिंग) असेल तर तो लावा. दोष सेटिंगचा आहे, फोर-केचा नाही. आणि ग्रेन जपायलाही जास्त रिझोल्यूशनच लागतं.

तिसरा डोळा: दोघंही पिक्सेलपाशी अडकलात. जरा लांब बसलं की एचडी आणि फोर-केतला फरक डोळ्याला कळेनासा होतो. काळ्या रंगातला फरक मात्र कळतो. साध्या ८ बिट चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या, एचडीआरच्या (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राच्या) १० बिटमध्ये १०२४. धुक्यातून टॉर्चचा झोत फिरतो तेव्हा ८ बिटमध्ये पट्टे उमटू शकतात, १० बिटमध्ये उजेड हळूहळू विरत जातो. ओएलईडी पडद्यावर प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, तिथे तर काळा पिक्सेल चक्क विझतो. माझे पैसे मी तिथे घालेन.

जुनी रीळ: एचडीआरचं मान्य. पण स्ट्रीमिंगचं काय? यूएचडी ब्लू-रे, म्हणजे फोर-केची डिस्क, सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जाऊ शकते, स्ट्रीमिंगचं फोर-के साधारण १५ ते २५ मध्ये उरकतं. कॉम्प्रेशनची, म्हणजे डेटा दाबून लहान करण्याची, कुऱ्हाड आधी अंधारावरच पडते, कोपऱ्यातल्या सावल्यांचे चौकोनी ठोकळे होतात. असल्या फोर-केपेक्षा मला एचडी डिस्क कधीही चालेल.

निशाचर: कितीतरी मालिका डिस्कवर येतच नाहीत हो. त्या मी स्ट्रीमिंगवर, मिळेल त्या सर्वांत वरच्या दर्जातच बघणार.