अजिंक्यताऱ्यावर शॉकचं मशीन: टपरीत ठेवू की देवळात?

पहाटेचा चढ, सातारा
आम्ही वीसेक जण रोज पहाटे किल्ला चढतो. बहुतेक साठीपुढचे, तिघांना स्टेंट. मार्चमध्ये आमच्यातला एक जण लग्नाच्या पंगतीत, हातात मठ्ठ्याचा पेला तसाच, बाजूला कलंडला. सगळ्यांना वाटलं चक्कर. कुणी कांदा आणला, कुणी पाणी मारलं. घशातनं घोरल्यासारखा आवाज येत होता, म्हणून मीच म्हणालो, "श्वास चालू आहे, गर्दी करू नका." कार्यालयाच्या भिंतीवर एईडीची, म्हणजे हृदय थांबलं तर शॉक देणाऱ्या मशीनची, पेटी होती. तिला कुलूप. किल्ली मॅनेजरकडं, मॅनेजर घरी. मित्र गेला.

आता वर्गणीतनं मशीन घेतोय. निम्मे म्हणतात पायथ्याच्या चहाच्या टपरीत ठेवा, निम्मे म्हणतात वर मंगळाईच्या देवळात. आणि आमच्यातल्या कुणी चुकून शॉक दिला तर?

सिस्टर, मिरज
काका, ते घोरणं म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर काही मिनिटं तसा आवाज येतो, भले भले फसतात. हाक मारून माणूस हलत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर एकानं 108 लावायचं, दुसऱ्यानं छाती दाबायला घ्यायची: मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटीमीटर खोल. तिसरा मशीनसाठी पळेल. चुकून शॉक बसत नाही. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली छातीवर, दुसरा डाव्या काखेखाली. मशीन ठोके तपासतं, गरज असली तरच शॉक देतं. छाती घामानं, पावसानं ओली असेल तर आधी पुसा. काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचायची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

यूपीएसवाला
बॅटरी आणि पॅड, दोन्हींवर तारीख असते. पॅडचा जेल वाळला की मशीन शोभेचं. दिवा हिरवा आहे का, रोज बघणारा एक माणूस नेमा.

पहाटेचा चढ, सातारा
आज आमच्यातल्या सगळ्यात तरण्याला, वय 46, महादरवाज्यापासून टपरीपर्यंत पळवला. जाऊन-येऊन 17 मिनिटं. सिस्टरांच्या हिशेबानं टपरी बाद. देवळाचंही तेच, खालच्या वळणावर कुणी पडला तर काय? मशीन दोनेक किलोचंच आहे, म्हणून सॅकमध्ये घालून बरोबरच न्यायचं ठरलं. सॅकला कुलूप नाही. सोमवार माझा, बाकीच्या वारांवरनं भांडणं चालू आहेत, गुडघे सगळ्यांचेच आज अचानक दुखायला लागलेत.