मदत हवी आहे: कामगारांना धोका दिसतो, पण ते सांगत नाहीत

मी एका बहुमजली इमारतीच्या साइटवर सेफ्टीचं काम बघतो. पंधरा दिवसांपूर्वी चौथ्या मजल्याच्या परांचीवरून शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) क्लॅम्प खाली पडला. खाली दोघे सळई बांधत होते, त्यातल्या एकापासून हातभर अंतरावर तो आदळला. कुणाला लागलं नाही. पण चौकशीत जे कळलं त्याने झोप उडाली आहे. फळीच्या कडेचा टो-बोर्ड (वस्तू खाली पडू नयेत म्हणून लावलेली उभी पट्टी) माल आत घ्यायला दोन दिवस आधीच काढला होता आणि तो परत बसवलेला नाही, हे तिघांनी पाहिलं होतं. दोन्ही दिवस सकाळी ते तिघे माझ्या टूलबॉक्स टॉकला (कामाआधी सुरक्षेबद्दल होणाऱ्या छोट्या बैठकीला) समोरच उभे होते.

त्यातल्या एकाला नंतर बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "साहेब, सांगितलं की काम थांबतं. काम थांबलं की मुकादम विचारतो, कोणी सांगितलं?" ही माणसं मापावर काम करतात. तास गेला की तेवढी कमाई गेली. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

सकाळच्या दहा मिनिटांत फक्त मीच बोलतो, हे आता लक्षात येतंय. निअर मिसची (थोडक्यात टळलेल्या अपघातांची) वही गेटवर ठेवली होती. तीन महिन्यांत दोन नोंदी झाल्या, दोन्ही माझ्याच. अनेकांना लिहिता येत नाही, याचा विचार मी वही ठेवण्याआधी करायला हवा होता. महिनाभर अपघात झाला नाही तर टोळीला बक्षीस, अशीही योजना आहे. तिच्यामुळे लोक जखमा लपवायला लागले, असं माझं ठाम मत झालंय. एकाने चेचलेलं बोट फडक्यात गुंडाळून चार दिवस काम केलं.

लोकांनी तोंडी सांगावं आणि त्यांना त्रासही होऊ नये, हे कसं जमवायचं? साइटवर पाच उपठेकेदार आहेत, मग सुरक्षा समितीत कोणाला घ्यायचं? आणि मुकादमांना सोबत कसं आणायचं?

प्रतिसाद १

बक्षीस आधी बंद करा. समितीत टोळीने स्वतः निवडलेला माणूस हवा, ठेकेदाराने पाठवलेला नको.

लोकांना गेटवर गोळा करण्याऐवजी तुम्हीच कामाच्या जागी जा. "हार्नेस (हुक असलेला सुरक्षा पट्टा) का लावला नाही?" असं विचारू नका, "हुक कुठे अडकवता?" असं विचारा. आमच्याकडे या एका प्रश्नातून कळलं की कॉलमच्या शटरिंगपाशी हुक अडकवायला जागाच नव्हती. उपाय सेंटरिंगवाल्यांनीच (साचे बसवणाऱ्यांनीच) सुचवला: कामाची फळी आणि कठडा जमिनीवरच साच्याला जोडायचा, मग साचा क्रेनने उचलायचा. उंचीवरचं बरंचसं काम त्यामुळे खालीच उरकायला लागलं.

कुणी काही सांगितलं तर त्याच दिवशी दुरुस्ती करा. जमणार नसेल तर ती जागा बंद करा आणि काम कधी होणार ते सांगणाऱ्याला स्वतः जाऊन सांगा.

प्रतिसाद २

मूळ प्रश्न पैशांचा आहे. धोक्यामुळे थांबलेल्या वेळेची मजुरी मुख्य ठेकेदार देईल, हे लेखी घ्या. मुकादमाला स्लॅबच्या तारखेवरूनच बोलणी बसत असतील तर तो दुसरं काही बघणार नाही. त्याच्यावरचा हा दबावही याने हलका होईल.

मालकापुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बांधकाम सुरक्षेवरचा 1988 चा करार क्रमांक 167 ठेवा. कामाच्या पद्धतीवर मत मांडण्याचा कामगाराचा हक्क कलम 10 मध्ये आहे. गंभीर धोका समोर दिसला तर तिथून बाजूला होण्याचा हक्क कलम 12 मध्ये आहे आणि लगेच वरिष्ठाला कळवणं हे कर्तव्यही त्यातच आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज परांचीवर हुकाचा प्रश्न विचारला. तिघांनी तीन जागा दाखवल्या. त्यातली एक म्हणजे परांचीचाच आडवा पाइप होता, आणि तो सैल होता. तेवढा भाग लगेच बंद केला. पाइप सैल आहे हे ज्याने हलवून दाखवलं, तो क्लॅम्पच्या वेळी गप्प राहिलेल्या तिघांपैकीच एक.

मजुरीबद्दल उद्या प्रोजेक्ट मॅनेजरशी बोलणार आहे. थांबलेल्या वेळेची नोंद मुकादमाने करावी की आम्ही? कुणी ही पद्धत चालवली असेल तर बैठकीआधी नक्की सांगा.