आजीच्या लोणच्याच्या बरणीचे मोझेक : तुकडे निखळतात, पांढरी भुकटी येते, मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा ओटीवरच्या छापाच्या (रंगीत नक्षीच्या, सिमेंटच्या) फरश्या उखडताना ज्या फुटल्या त्यांचे तुकडे मी गवंड्याकडून मागून घेतले. त्याच धांदलीत फडताळ रिकामे करताना आजीची लोणच्याची बरणी माझ्याच हातून निसटली. वर तपकिरी आणि खाली बदामी अशी ती चिनी मातीची मोठी बरणी होती. तोंडावरचा दादरा बांधलेला असल्यामुळे की काय, गळ्याचा भाग तेवढा अखंड राहिला. बाकीचे तुकडे पोत्यात भरून मी पुण्याला आणले. या दोन्हींमधून ४५ बाय ६० सेंटिमीटरचे एक मोझेक करावे, मध्यभागी बरणीच्याच तुकड्यांची बरणी आणि भोवती फरशीचे तुकडे अशी रचना असावी आणि ते गॅलरीच्या भिंतीवर लावावे, असे मनात आहे. गॅलरीत पावसाची झड येते आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते.

मूळ काम बिघडू नये म्हणून मी आधी एक फूट बाय एक फुटाचा नमुना करून पाहिला. १२ मिलिमीटरच्या साध्या प्लायवूडवर सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने तुकडे चिकटवले, दोन दिवस वाळू दिले, मग सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून ओल्या स्पंजने पुसून घेतले. मे महिन्यात हा नमुना इतका देखणा दिसत होता की शेजारच्या काकूंनी तसाच एक करून मागितला. जुलै संपता संपता प्लायवूडचा एक कोपरा भिंतीपासून बोटभर पुढे आला, सांध्यांत केसासारख्या भेगा दिसू लागल्या आणि चार तुकडे खाली पडले. चारही बरणीचे होते. फरशीचा एकही पडला नाही. पडलेले तुकडे उलटे करून पाहिले तर त्यांच्या पाठीवर गोंदाचा कणही नव्हता. गोंदाचा पापुद्रा प्लायवूडवरच राहिला होता आणि त्यावर बरणीच्या आतल्या बाजूचा गुळगुळीत ठसा उमटला होता. शिवाय बरणीच्या उरलेल्या तुकड्यांच्या कडेने पांढरी भुकटी धरली आहे. इतकी वर्षे लोणचे मुरलेल्या बरणीतले मीठच बाहेर येत असावे, अशी मला शंका आहे.

आमच्या गवंड्याचे म्हणणे असे की, गोंदाचे लाड कशाला, गच्चीवर चायना मोझेक करतो तसे तुकडे ओल्या सिमेंटमध्ये दाबून बसवावेत, म्हणजे जन्मात हलणार नाहीत. त्याचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही, कारण चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांनी मढवलेल्या आकृती अनेक दशके उन्हापावसात उभ्या आहेत. पण सिमेंटचे एवढे वजन गॅलरीच्या भिंतीवर कसे पेलायचे?

दुसरी अडचण जाडीची आहे. छापाच्या फरशीचा तुकडा दोन सेंटिमीटर जाड आणि बरणीचा जेमतेम सात-आठ मिलिमीटर, तोही वाकलेला. तुकडे कागदावर तोंड खाली करून चिकटवायचे आणि मग पाठीकडून मसाला भरायचा, या उलट्या पद्धतीने पृष्ठभाग सपाट येतो असे ऐकले आहे, पण बाकदार तुकडा कागदावर पालथा ठेवला की होडीसारखा डुलतो. बरणीचे तुकडे आता मोजकेच उरले आहेत आणि ते पुन्हा मिळणार नाहीत, म्हणून दुसरा प्रयोग करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

प्रतिसाद

आपण पडलेल्या तुकड्यांची पाठ पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर तिथेच आहे. टाइलची किंवा छापाच्या फरशीची पाठ खरबरीत असते आणि मसाला तिला धरतो. बरणीला मात्र आतूनही झिलई असते. त्या काचेसारख्या पाठीवर गोंद सुकतो, पण धरत नाही, आणि पांढरा गोंद तर पाण्याने पुन्हा मऊ पडतो. प्रत्येक तुकड्याची पाठ कार्बोरंडमच्या दगडाने किंवा ग्राइंडरने, झिलईची चमक जाईपर्यंत, घासून घ्यावी आणि हे तुकडे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदाने, बसवावेत. फरशीच्या तुकड्यांना पॉलिमरयुक्त टाइल अॅडहेसिव्ह पुरे. पिशवीवर आयएस १५४७७ या मानकाचा उल्लेख आणि अॅडहेसिव्हचा टाइप छापलेला असतो. बाहेरच्या भिंतीसाठी टाइप १ घेऊ नये.

गवंड्याचे म्हणणे गच्चीपुरते खरे आहे. तिथे तुकडा आडवा पडलेला असतो आणि त्याच्या चारही कडा सिमेंटमध्ये रुतलेल्या असतात. नेकचंद यांच्या आकृतींतही तुकडे ओल्या मसाल्यात रुतवलेले आहेत. आपल्या नमुन्यात कडांना आधार होता तो फक्त नंतर भरलेल्या व्हाइट सिमेंटचा, आणि नुसते व्हाइट सिमेंट रुंद सांध्यात आकसून तडकते. सांधा तीन मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर बारीक वाळू मिसळलेले ग्राउट (सांधे भरण्याचा मसाला) वापरावे आणि ते भरल्यावर दोन-तीन दिवस ओले गोणपाट टाकून ठेवावे. प्लायवूड मात्र बाहेरच्या कामात वापरू नका. आठ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड घ्या. तो पाण्याने फुगत नाही.

प्रतिसाद

मिठाची शंका घरच्या घरी दूर करता येईल. थोडी भुकटी चमच्यात खरवडून घ्या आणि तीत पाणी घाला. विरघळली तर मीठ. तशीच राहिली, तर तिच्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. फसफसली की तो सिमेंटमधून आलेला चुना समजावा. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, पाणी उडून जाते आणि चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढरा थर धरतो. माझा अंदाज दुसऱ्या कारणाचा आहे, कारण भुकटी नेमकी सुटू लागलेल्या तुकड्यांभोवती आहे, म्हणजे पाणी तिथूनच आत शिरत आहे. लिंबाचा हा प्रयोग चमच्यातच करावा, फरशीवर नव्हे. छापाची फरशी भट्टीत भाजलेली नसते. साच्यात रंगीत सिमेंट ओतून ती दाबाने घडवतात, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे अॅसिड तिचा रंगच खाते. याच कारणाने ग्राउट भरण्याआधी फरशीच्या तुकड्यांना सीलरचा (छिद्रे बुजवणाऱ्या द्रवाचा) एक हात द्यावा, नाहीतर ग्राउटचे पाणी त्यांच्या छिद्रांत शिरून नक्षी कायमची धुरकट होते. माझ्या हातून असे एक कमळ गेले आहे.

प्रतिसाद

जाडीबद्दल आणि बाकाबद्दल. छापाच्या फरशीत रंगाचा थर वरच्या काही मिलिमीटरपुरताच असतो, म्हणून पाठ घासून तुकडा दहा मिलिमीटरवर आणता येतो. हे काम पाणी सोडत आणि चांगला मास्क लावून करावे; सिमेंटची कोरडी धूळ फुप्फुसांना फार वाईट.

बरणीचा बाक तुकडा लहान केला की आपोआप मिटतो. आपली बरणी २४ सेंटिमीटर व्यासाची धरली, तर सहा सेंटिमीटर लांबीच्या तुकड्याचा मध्य कडांपेक्षा जवळजवळ चार मिलिमीटर उचललेला असतो. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात हा उंचवटा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. हातोडी टाळा, त्याने निम्मा माल चुऱ्यात जातो. दोन चाकांची टाइल पक्कड मिळते, तिने हवा तसा तुकडा निघतो. चष्मा अवश्य लावावा. इतके लहान तुकडे झाल्यावर उलट्या पद्धतीचे बंधन राहत नाही. तरीही ती वापरायची असेल तर कागदाला मैद्याची खळ लावा, ती नंतर ओल्या फडक्याने सहज सुटते. आणि चित्र आरशातल्यासारखे उलटे काढायला विसरू नका.

वजन साधारण दहा किलो होईल. नुसत्या खिळ्यावर टांगू नका. चार कोपऱ्यांतले एकेक तुकडे न बसवता जागा सोडा, तिथून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू भिंतीतल्या प्लगमध्ये आवळा आणि ते तुकडे शेवटी बसवून स्क्रू झाका. बोर्ड आणि भिंत यांत सेंटिमीटरभर फट राहू द्या, म्हणजे मागे ओल साचणार नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. चमच्यातली भुकटी पाण्यात विरघळली नाही आणि लिंबू पिळताच फसफसली, म्हणजे आजीचे मीठ निर्दोष ठरले. बरणीचा एक तुकडा पाठ घासून इपॉक्सीने सिमेंट बोर्डाच्या कपचीवर बसवला आणि आठ दिवस पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला. आज पक्कड लावून ओढला तेव्हा तुकड्याची कड फुटली, पण जोड सुटला नाही. छापाच्या फरशीचा तुकडा घासताना मात्र एका ठिकाणी रंगाच्या थरापर्यंत पोहोचलो, त्यामुळे उरलेले तुकडे बारा मिलिमीटरवरच थांबवणार आहे आणि तेवढा फरक बरणीच्या तुकड्यांखाली मसाल्याचा थर वाढवून भरून काढणार आहे. यात काही चूक होत असेल तर बोर्ड आणण्याआधी, म्हणजे येत्या रविवारपर्यंत, कृपया सांगावे.

प्रतिसाद

चूक नाही. फक्त तो वाढीव थर इपॉक्सीचा करू नका, महाग पडेल. आधी बरणीच्या आकारापुरता टाइल अॅडहेसिव्हचा चार मिलिमीटरचा थर थापीने सपाट करून चोवीस तास सुकू द्या आणि मग त्यावर इपॉक्सीने तुकडे बसवा.