विषय: दुसरा मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?

प्रेषक: अ. कु., लेस्टर

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

गेल्या उन्हाळ्यापासून मेटल डिटेक्टिंगचा नाद लागलाय. मशीन गॅरेटचं एस ३००आय. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी त्यांच्या शेतावर लेखी परवानगी दिली आहे. फॉस वे, म्हणजे जुना रोमन रस्ता, तिथून फार लांब नाही. बटणं, शिशाचे गोळे, व्हिक्टोरियाच्या पेन्या भरपूर निघाल्या, पण हातोड्याने पाडलेलं मध्ययुगीन चांदीचं नाणं अजून एकही नाही. त्याच शेतात दुसऱ्यांना ती मिळतात. आणि स्केगनेसला समुद्रकिनारी ओल्या वाळूवर गेलं की मशीन नुसतं ओरडत राहतं.

बजेट साधारण ६०० पौंड. जो तो ड्यूस टू या महागड्या मशीनचं नाव घेतो. थोडं थांबून, पैसे साठवून तेच घ्यावं का?

आणखी एक. डिसेंबरात साताऱ्याला जातोय. जुनं मशीन भाच्याला द्यायचा विचार आहे. त्याला गडांचं वेड आहे.

---

प्रेषक: वि. दे., लिंकन

अरे, मशीनच्या आधी हे सांग: त्या शेतात लोखंड किती निघतं? रोमन रस्त्याच्या आसपास वस्ती असली तर जमीन खिळ्यांनी भरलेली असते, आणि तुझी अडचण बहुतेक तिथेच आहे. खिळ्यावरून कॉइल, म्हणजे जमिनीवर फिरवायची चकती, गेलं की मशीनला त्या सिग्नलमधून बाहेर यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात वितीच्या आत पडलेलं नाणं निसटून जातं. नवीन मशीन बघताना सगळे ‘किती खोल जातं’ एवढंच विचारतात. नांगरलेल्या शेतात नाणी बहुतेक नांगराच्या थरातच वरखाली होत असतात. तुला खोली नको आहे, दोन सिग्नल वेगळे काढण्याचा वेग हवा आहे. माहितीपत्रकात त्याला रिकव्हरी स्पीड म्हणतात.

दुसरी गोष्ट फ्रिक्वेन्सीची. तुझं मशीन एकाच, ८ किलोहर्ट्झवर चालतं. मोठी पेनी त्याला छान कळते. पण १२७९ मध्ये एडवर्ड पहिल्याने गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, काढेपर्यंत सुटे पैसे हवे असले की लोक चांदीची पेनी कापूनच अर्धी किंवा पाव करत. तो पाव पेनीचा तुकडा करंगळीच्या नखाएवढा आणि कागदासारखा पातळ. इतक्या बारीक गोष्टीला वरची फ्रिक्वेन्सी लागते. ओल्या वाळूचंही तसंच आहे. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला तो सिग्नलच वाटतो. मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन अनेक फ्रिक्वेन्सींचे प्रतिसाद ताडून मिठाचा आवाज वजा करू शकतं. म्हणजे शेत आणि समुद्र या तुझ्या दोन्ही तक्रारींना औषध एकच.

तुझ्या पैशांत माझं मत नोक्टा लेजंड. खरी मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे, रिकव्हरी स्पीड आणि लोखंडाचा फिल्टर स्वतः बदलता येतो, आणि अख्खं मशीन तीन मीटर पाण्यात चालतं. थोडे जास्त पैसे काढता आले तर मिनेलॅबचं इक्विनॉक्स ७०० त्याच तोलामोलाचं. व्हँक्विश ५४० स्वस्त आणि वाळूवर चांगलं आहे, पण त्यात सगळं मशीनच ठरवतं. तुझ्यासारखा शिकणारा माणूस त्यातून लवकर बाहेर पडेल, मग तिसरं मशीन घ्यावं लागेल.

ड्यूस टू मी वापरतो. लोखंडात त्याला तोड नाही, आणि पाऊण किलोच्या आसपास वजन असल्याने संध्याकाळी खांदा धरत नाही. पण किंमत लेजंडच्या दुप्पट किंवा त्याहून वर, आणि त्याच्या मेन्यूत नवखा माणूस अक्षरशः हरवतो. कान तयार व्हायच्या आधी ते घेऊ नकोस. कान तयार होण्यासाठी आत्तापासून एक कर: डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सेटिंग, कमी ठेव आणि लोखंडाचा आवाज ऐकत जा. सगळं लोखंड बंद करून चाललं की त्याच्या आडचं नाणंही गप्प होतं. लेजंडवर याचा फरक पहिल्याच दिवशी कळेल.

वाचलेल्या पैशांतून चांगला पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) आणि सहा इंचांच्या आसपासचं छोटं कॉइल घे. खिळ्यांच्या पट्ट्यात छोटं कॉइल जे काढून देतं ते महागडं मशीन मोठ्या कॉइलवर देत नाही. लिलावाच्या साइटवर मिनेलॅबची मशीन्स आणि गॅरेटचे पिनपॉइंटर नकली मिळतात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच. आणि शेतकऱ्याला विचार की ग्रीन वेस्ट, म्हणजे बागेच्या कचऱ्याचं खत, टाकलंय का. त्या खतात अल्युमिनियमचे इतके तुकडे असतात की कुठलंही मशीन तिथे हात टेकतं.

विमा उतरवला आहेस ना? एनसीएमडीच्या, म्हणजे डिटेक्टरवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, सभासदत्वात तो येतो.

---

प्रेषक: म. जो., एडिनबरा

भाच्याबद्दल पोटतिडकीने लिहिते आहे. ते मशीन साताऱ्याला नेऊ नकोस. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाहेरही १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू आहे. जमिनीत लपलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गडावरची एक शिवराई कुठल्या थरात, कुठल्या भिंतीजवळ होती यावरूनच तिथे कधी वर्दळ होती ते कळतं. ती उपसून खिशात घातली की उरतो फक्त तांब्याचा तुकडा. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात तुमच्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. पोराला खरंच आवड असेल तर गडसंवर्धनाच्या कामाला जाऊ दे, नाहीतर मोडी शिकव.

इंग्लंडमध्ये हा छंद चालतो तो लोक सापडलेलं नोंदवतात म्हणून. तुझ्याच काउंटीतलं हॅलटन बघ. २००० साली डिटेक्टरवाल्याने नाणी सापडल्यावर लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांनी रीतसर खणलं आणि पाच हजारांवर लोहयुगीन नाणी आणि रोमन घोडेस्वाराचं शिरस्त्राण हाती आलं. मार्केट हार्बरोच्या संग्रहालयात आहे, मुलांना घेऊन जा.

आणि इकडे आलास तर नियम वेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक पुरातन वस्तू राजसत्तेची, एकटं नाणंसुद्धा कळवावं लागतं.

---

प्रेषक: अ. कु., लेस्टर

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. भाच्याचा बेत रद्द. जुनं मशीन इथल्याच क्लबमध्ये विकतो, त्यातून पिनपॉइंटर निघेल. लोखंड विचारलंत ना काका, शेताच्या वरच्या कोपऱ्यात इतकं आहे की मी तिकडे जाणंच सोडलं होतं.

---

प्रेषक: वि. दे., लिंकन

मग वस्ती त्याच कोपऱ्यात असणार. लेजंड आलं की तिथूनच सुरुवात कर. छोटं कॉइल लाव, हळू चाल आणि प्रत्येक रेघेवरून आडवं-उभं दोन्हीकडून जा. त्याआधी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशात तो कोपरा संरक्षित म्हणून नोंदलेला नाही ना, ते तपास. नोंद असेल तर शेतकऱ्याची परवानगी असूनही तिथे डिटेक्टर चालवता येत नाही. जे निघेल त्याची जागा जीपीएसवर टिपून तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखव. दोन चांदीची नाणी एकत्र निघाली, तीनशे वर्षांहून जुनी, तर चौदा दिवसांत कळवणं सक्तीचं आहे.