साडीच्या दुकानात डिस्प्लेला लाइट कोणते लावू?

राजवाडा_साडीवाली: इंदूरला राजवाड्याजवळ आमचं छोटं दुकान आहे, महेश्वरी आणि चंदेरी. सध्या सगळीकडे ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाची छटा, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरे पॅनल आहेत आणि गिऱ्हाईक प्रत्येक साडी उचलून दाराशी उजेडात नेऊन बघतं. परवा तर एक मावशी साडी परत घेऊन आल्या, इथे तपकिरी दिसली म्हणून नेली आणि घरी लालभडक निघाली, मला इतकं वाईट वाटलं. दिवाळीआधी बदलायचेच आहेत, सांगा ना काय लावू?

वायरमन_ग्वाल्हेर: ताई, वॅट नंतर बघा, आधी डब्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. ८० वाला कपड्याला नको, ९० च्या वरचा घ्या आणि दुकानदाराला आर९ किती ते विचाराच, लाल रंग खरा दिसणं त्यावर असतं. स्वस्त एलईडी तिथेच मार खातो.

बडोदेकर: बरोबर. आमच्याकडे काउंटरवर ४००० आणि शोकेसला ३००० केल्विन आहे, साडीची जर काय उठून दिसते! शोकेसला २४ डिग्रीच्या अरुंद झोताचे ट्रॅक लाइट (पट्टीवर बसवून फिरवता येणारे) तिरके लावा, अगदी डोक्यावरून मारलात तर निऱ्यांत नुसती काळी सावली पडते.

राजवाडा_साडीवाली: मग पॅनल सगळे काढू का?

वायरमन_ग्वाल्हेर: मागच्या गोडाऊनमध्ये राहू द्या, चालतात. आणि घ्यायच्या आधी एकच लाइट आणून तीच लाल साडी त्याखाली आणि उन्हात धरून बघा.